किनाऱ्याला लागल्यावर बुडालेलं जहाज

रिकाम्या जहाजाला वारा लवकर आडवं पाडतो. २९ जून १८६४ रोजी 'ॲल्विन क्लार्क' हे दोन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यातून रिकामंच चाललं होतं. शिकागोहून ऑकोंटोला जायचं, तिथे लाकूड भरायचं आणि परत फिरायचं, असा नेहमीचा फेरा. पुढचा माल भरण्याआधी जहाजाचं पोट झाडूनपुसून घ्यावं म्हणून वरचे फाळके, म्हणजे पोटाच्या तोंडावरची झाकणं, उघडे टाकले होते. तेवढ्यात वादळाचा झोत आला, जहाज कलंडलं आणि उघड्या फाळक्यांतून पाणी थेट आत घुसलं. पाच जणांपैकी तिघे बुडाले. दोघांना दुसऱ्या एका जहाजाने उचललं.

उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांवर त्या काळी हजाराहून जास्त शिडाची जहाजं धावत होती आणि दर हंगामात त्यांतली काही परत येत नसत. त्यामुळे या बुडण्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. ॲल्विन क्लार्क १८४६-४७ च्या सुमाराचं. बुडालं तेव्हा सतरा-अठरा वर्षांचं, म्हणजे लाकडी मालवाहू जहाजाच्या हिशेबाने उताराला लागलेलं. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त, टनभार, म्हणजे पोटातल्या जागेचं माप, सुमारे २२० टन. आज महामार्गावर दिसणाऱ्या ट्रकसारखं. दिसलं तरी लक्षात न राहणारं.

पण लक्षात न राहणाऱ्या गोष्टींचाच पुढे दुष्काळ पडतो. राजाची युद्धनौका बांधली की तिचे हिशेब, हुकूम, पत्रं दप्तरात राहतात. सरोवराकाठच्या एखाद्या खाडीत बांधलेल्या माल वाहणाऱ्या स्कूनरचं, म्हणजे दोन किंवा जास्त डोलकाठ्यांच्या अशा शिडाच्या जहाजाचं, काय राहणार? ही जहाजं कागदापेक्षा नजरेने बांधली जात. सुतार लाकडाचा छोटा अर्धा नमुना कोरायचा, त्यावरून मापं मोठी करायचा आणि पठाण टाकून, म्हणजे तळाचा कणा मांडून, कामाला लागायचा. वाक, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, किती अंतरावर बसवायचे, फळीची सांध कशी भरायची, उथळ बंदरात शिरता यावं म्हणून तळाला वर ओढून घेता येणारी फळी कशी लावायची, हे सगळं हातात होतं. ते हात गेले. १८४० च्या दशकातलं असं जहाज नेमकं कसं होतं हे सांगायला खुद्द जहाजाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. शिकागोसारखं शहर याच जहाजांनी उभं केलं, आणि १८७१ च्या आगीत जळाल्यावर पुन्हा उभं करायला लागलेलं लाकूडही मोठ्या प्रमाणावर यांच्याच पोटातून आलं. ग्रीन बेच्या किनाऱ्यावरची जंगलं शिकागोच्या घरांच्या भिंती झाली, ती शिडांच्या जोरावर.

असा साक्षीदार १९६७ मध्ये सापडला. ग्रीन बेमधल्या चेंबर्स बेटाजवळ एका मच्छीमाराचं जाळं तळाशी कशात तरी अडकलं. ते सोडवायला फ्रँक हॉफमन हा पाणबुड्या सुमारे ११० फूट खाली गेला, तर समोर अख्खं जहाज उभं. गोड्या, थंड, काळोख्या पाण्याने ते सांभाळलं होतं. खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा असतो, तो या सरोवरांत नाही. हॉफमन आणि त्याच्या स्वयंसेवक साथीदारांनी दोन वर्षं उन्हाळे-पावसाळे न बघता पोटातला गाळ उपसला, वस्तू वर आणल्या, आणि जुलै १९६९ मध्ये पोलादी दोरांनी जहाज वर उचललं. त्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला होता. तरीही हे बघायला किनाऱ्यावर गर्दी लोटली. पाणी उपसल्यावर ते एकशे पाच वर्षांचं बुडालेलं जहाज आपल्या स्वतःच्या फळ्यांवर तरंगलं. हे वाक्य लिहिताना माझ्याही अंगावर काटा येतो, हे कबूल करतो. त्या गर्दीत असतो तर मीही टाळ्याच वाजवल्या असत्या.

पुढची गोष्ट टाळ्यांची नाही. जहाज मिशिगन राज्यातल्या मेनोमिनी गावी नेलं, तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली. राज्याने ऐतिहासिक ठिकाण म्हणून मान दिला, १९७४ मध्ये ऐतिहासिक ठिकाणांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही नाव चढलं. मान मिळाला, पैसा मिळाला नाही. लाकडावर जी रासायनिक प्रक्रिया व्हायला हवी होती ती झालीच नाही. हॉफमन कर्जात बुडाला, मदतीसाठी दारं ठोठावत राहिला, शेवटी जहाज दुसऱ्यांच्या हाती गेलं. तोवर फळ्या आकसल्या होत्या, तडकल्या होत्या, कुजल्या होत्या. १९९४ मध्ये उरलेसुरले अवशेष मोडून टाकले. एका शतकाहून जास्त काळ पाण्याने जे राखलं, ते हवेने पंचवीस वर्षांत संपवलं.

या गोष्टीत खलनायक शोधायची सवय मला पटत नाही. हॉफमनला उतावळा, हौशी, पैशाच्या मागे लागलेला म्हणणारे पुष्कळ निघतील. पण नुसत्या पैशासाठी कुणी दोन वर्षं त्या गार पाण्यात गाळ उपसत नाही. तो आरंभशूर होता असं फार तर म्हणता येईल. मात्र त्याच्या आरंभाला टाळ्या वाजवणारा समाज, नोंदवहीत नाव घालणारं सरकार, पाटीचं उद्घाटन करणारे पुढारी, हे सगळेच आरंभशूर होते. लग्नाला सगळा गाव आला आणि संसार एकट्याच्या गळ्यात पडला. सार्वजनिक ठेवा म्हणून एखादी वस्तू मिरवायची आणि तिचा खर्च मात्र खासगी माणसाने तिकिटाच्या गल्ल्यातून भागवावा अशी अपेक्षा करायची, हा दुटप्पीपणा आहे. माझा आक्षेप त्याच्यावर आहे. आणि माझं म्हणणंही तेवढंच आहे: पुढच्या शंभर वर्षांच्या सांभाळाची तजवीज आधी झाली नसेल, तर बुडालेलं लाकडी जहाज वर काढायला परवानगीच देऊ नये. एवढा कडक नियम हवा, आणि तो भावनेच्या भरात मोडता येणार नाही असा हवा.

कडक का, ते लाकूडच सांगतं. पाण्यात दीर्घकाळ राहिलेलं लाकूड दिसायला धडधाकट असतं, पण आतून ते पोखरलेलं असतं. जिवाणूंनी पेशींच्या भिंतींतला मऊ भाग खाऊन टाकलेला असतो आणि त्या जागी पाणी भरलेलं असतं. ते पाणीच पेशींचा आकार धरून ठेवतं. लाकूड वर काढून वाळू दिलं की पाणी निघून जाताना पोकळ पेशींना आत ओढतं, भिंती कोसळतात, फळी आक्रसते, वाकते, भेगाळते. एकदा असं झालं की मागे फिरता येत नाही. म्हणून वर काढल्याच्या पहिल्या दिवसापासून लाकूड ओलं ठेवावं लागतं आणि पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ मुरवावा लागतो. इथे हळूहळू म्हणजे काही आठवडे किंवा महिने असं समजू नये.

स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाली. १९६१ मध्ये ती वर काढली, त्यानंतर सतरा वर्षं तिच्यावर हा फवारा चालू होता आणि मग सावकाश वाळवण. कायमचं संग्रहालय उघडलं १९९० मध्ये. इंग्लंडच्या 'मेरी रोझ'वर १९८२ पासून २०१३ पर्यंत आधी पाणी आणि मग हाच पदार्थ फवारला जात होता. या दोन्ही राजांच्या नौका, त्यांच्यामागे राष्ट्राभिमान उभा होता. मालवाहू जहाजाचं उदाहरण हवं असेल तर जर्मनीचं ब्रेमन इथलं 'कॉग' घ्या. १३८० च्या सुमाराचं हे व्यापारी जहाज १९६२ मध्ये वेझर नदीत सापडलं, तुकड्यातुकड्यांनी जोडलं, मोठ्या टाकीत वर्षानुवर्षं मुरवलं आणि सगळं आटोपून लोकांसमोर आलं २००० मध्ये. अडतीस वर्षं! ॲल्विन क्लार्कच्या वाट्याला इतकी वर्षंसुद्धा आली नाहीत, प्रक्रिया तर दूरच. आणि एवढं करून काम संपतं असंही नाही. २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात वासाच्या लाकडावर पांढरे-पिवळे क्षार उमटले, तेव्हा कळलं की लाकडात मुरलेलं गंधक आणि गंजलेल्या खिळ्यांचं लोह मिळून आतल्या आत आम्ल तयार होतंय. तेव्हापासून हवेतली आर्द्रता, खिळे, आधाराची चौकट, सगळ्यावर पुन्हा काम सुरू झालं. म्हणजे संसार चालूच आहे.

मला वाटतं आपली मूळ चूक लाकडी जहाजाला 'वस्तू' समजण्यात आहे. दगडी देऊळ किंवा तांब्याची मूर्ती ज्या अर्थाने वस्तू असते त्या अर्थाने लाकडी जहाज कधीच वस्तू नव्हतं. चालू असतानाही ते सतत दुरुस्त होत असे: सांधीत काथ्या ठोकून कलाफती करायची, डांबर लावायचं, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, पोटात झिरपलेलं पाणी रोज उपसायचं. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९०९ मध्ये बांधलेलं सहा डोलकाठ्यांचं 'वायोमिंग' हे आजवरच्या सर्वांत मोठ्या लाकडी जहाजांपैकी एक. त्याची चौकट पोलादी पट्ट्यांनी आवळलेली होती, तरी लाटांवर ते इतकं पिळवटायचं की सांधी उघडत आणि पंप चालू ठेवावे लागत. १९२४ च्या मार्चमध्ये ते कोळशासकट आणि सगळ्या माणसांसकट बुडालं. लाकडाच्या जहाजाला माणसांचा हात लागत राहिला तरच ते जहाज राहतं. हात थांबले की ते सरपण व्हायला लागतं, मग ते समुद्रात असो की संग्रहालयात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची दोन भावंडं हेच सांगतात. एकाच कारागिराने, हान्स बेन्डिक्सनने, कॅलिफोर्नियात १८९५ मध्ये 'सी. ए. थेअर' आणि १८९७ मध्ये 'वावोना' बांधलं. दोन्ही तीन डोलकाठ्यांची, लाकूड वाहणारी. पुढे दोघांनीही बेरिंग समुद्रात कॉड मासे धरले. थेअर आधी राज्याच्या आणि मग केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या हाती गेलं. २००३ नंतर त्याची बहुतेक लाकडं बदलून ते पुन्हा बांधल्यासारखंच केलं, आणि आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला उभं आहे. वावोना १९६४ मध्ये सिॲटलच्या ध्येयवादी नागरिकांनी विकत घेऊन वाचवलं. राष्ट्रीय नोंदवहीत नाव चढलेलं ते पहिलं जहाज. पंचेचाळीस वर्षं त्यांनी देणग्या गोळा केल्या. पाऊस आणि भुंगेरे देणग्यांपेक्षा वेगवान निघाले. २००९ मध्ये ते मोडलं. त्याच्या लाकडातून घडवलेलं एक उंच शिल्प तिथल्या संग्रहालयात आहे, सुंदर आहे म्हणतात. एकाच हाताने घडवलेली, एकच काम केलेली ही जोडी; थेअरची दुरुस्ती अंदाजपत्रकात होती, वावोनाची देणगीपेटीत.

'पण थेअरची लाकडं बदलली तर ते तेच जहाज कसं?' हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभून दिसतो. खलाशाला तो कधीच पडला नसता.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. 'एवढं कठीण आहे तर खालीच राहू द्या, पाणी सांभाळेल' असं म्हणणारा पक्ष गेल्या काही दशकांत बळावला आहे, आणि बऱ्याच अंशी मी त्याच पक्षाचा. त्यांचं आवडतं उदाहरण ऑन्टारियो सरोवरातलं आहे. 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' ही मुळात दोन व्यापारी स्कूनर. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात अमेरिकी आरमाराने घेऊन त्यांच्यावर तोफा चढवल्या. त्या वजनानेच बहुधा ऑगस्ट १८१३ मधल्या एका पहाटेच्या वादळात दोन्ही उलटली. १९७३ मध्ये ती सुमारे ९० मीटर खोल, तळाशी सरळ उभी सापडली. वर काढायची स्वप्नं इथेही रंगवली गेली. पण मालकी आली ती कॅनडातल्या हॅमिल्टन शहराकडे, आणि शहराने घाई केली नाही. मोजमाप केलं, छायाचित्रं घेतली, आत माणसांचे अवशेष आहेत याचं भान ठेवलं. जहाजं अजून खालीच आहेत. नगरपालिकेच्या दिरंगाईने इतिहास वाचल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

तरी 'पाणी सांभाळेल' हे वाक्य आता जुनं झालंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी जहाजांच्या भारपाण्यातून, म्हणजे तोल राखायला पोटात भरलेल्या पाण्यातून, झेब्रा शिंपले महासरोवरांत आले. त्यामागून क्वागा शिंपले आले आणि ते जास्त खोलवर, जास्त थंडीतही पसरले. आज मिशिगन सरोवरातल्या अनेक बुडीत जहाजांवर त्यांचा जाड थर आहे. त्यांच्या वजनाने फळ्या निखळतात, त्यांच्याखाली लोखंडी खिळे लवकर गंजतात. गंमत अशी की हे शिंपले पाणी गाळून इतकं नितळ करतात की जहाजं जास्त सहज दिसू लागली, पाणबुड्यांची रीघ वाढली, आणि त्यांतल्या काहींच्या हाताला वस्तू उचलायची सवय असतेच. म्हणजे शिंपल्यांनी दारही उघडलं आणि घरही पोखरलं. ॲल्विन क्लार्क वर काढलंच नसतं तर आज ते शिंपल्यांखाली झाकलेलं असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून 'खाली राहू द्या' हा पक्षही मला बिनशर्त मान्य नाही. खाली ठेवायचं तर त्याचीही तजवीज लागते. वरच्या होड्यांनी नांगर थेट जहाजावर टाकू नये म्हणून त्या बांधायला तरंगती बोयं लागतात. ह्युरॉन सरोवरातल्या थंडर बे अभयारण्यात ती आहेत. इंच न् इंच त्रिमितीत टिपून ठेवावं लागतं, आणि दर काही वर्षांनी पुन्हा मोजावं लागतं. हेही खर्चाचंच काम आहे, फक्त त्याला फीत कापता येत नाही.

तिसरा मार्ग हौसेचा: मूळ जहाज राहू द्या, तसंच नवं बांधा. मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात हरवलेली हातोटी पुन्हा हाताला येते. मिलवॉकीत शेकडो स्वयंसेवकांनी मिळून 'डेनिस सुलिव्हन' ही तीन डोलकाठ्यांची स्कूनर बांधली आणि २००० मध्ये पाण्यात सोडली. एकोणिसाव्या शतकातल्या मालवाहू जहाजांच्या धर्तीवर, सरोवरांचं शिक्षण देणारी. वीस-बावीस वर्षांनी काय झालं? सांभाळ परवडेना, २०२२ मध्ये जहाज विकलं गेलं, आणि ते सरोवरं सोडून अटलांटिकच्या किनाऱ्यावर बॉस्टनला गेलं. तिथे ते कामात आहे, म्हणजे नशीबवान. पण ज्या पाण्यासाठी बांधलं ते पाणी सुटलं.

म्हणून तिन्ही मार्ग फिरून मी पुन्हा पैशापाशीच येतो. नियम नव्याने शोधायचीही गरज नाही. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारात तो लिहिलेला आहे: आहे त्या जागी जतन हा पहिला पर्याय मानावा, आणि तातडीचा धोका वगळता, जतन, नोंदणी आणि वस्तूंचा सांभाळ या सगळ्या टप्प्यांना पुरेल एवढ्या पैशाची हमी काम सुरू होण्याआधीच असावी. हा करार २००९ पासून लागू आहे. ज्या देशाच्या पाण्यात ॲल्विन क्लार्कची शोकांतिका घडली त्या अमेरिकेने तो स्वीकारलेला नाही. तिथल्या १९८७ च्या कायद्याने सोडून दिलेल्या बुडीत जहाजांची मालकी राज्यांकडे आली, हौशी माणसाने परस्पर जहाज उचलून न्यायची वाट बरीच बंद झाली. ते चांगलंच. पण ते 'कुणी काढू नये' एवढंच सांगतं; 'काढलं तर कोण पोसेल' यावर गप्प आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: अशा अटीने फक्त श्रीमंत देश आणि श्रीमंत संस्थाच जहाजं वर काढतील, गावं मागे पडतील. आक्षेप खरा आहे, नाकारत नाही. मेनोमिनीसारख्या गावाला आपल्या किनाऱ्याचा इतिहास आपल्याच किनाऱ्यावर हवासा वाटणं रास्त आहे. पण अट नसताना त्या गावाला काय मिळालं? पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर कुजणारं जहाज आणि शेवटी रिकामी जागा. गावाला खरंच द्यायचं असेल तर राज्याने खर्चाचा वाटा कायद्याने उचलावा, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ती ओळ असावी, आणि तिकिटाचा गल्ला हा वरचा नफा समजावा. तेवढी तयारी नसेल तर गावाला त्या जहाजाचं अचूक त्रिमितीय रूप, वर आणलेल्या मोजक्या वस्तू आणि पाण्याखालची जागा राखण्याचा अधिकार द्यावा. हे जहाज मिळण्याइतकं थरारक नाही. पण जहाज गमावण्याइतकं लाजिरवाणंही नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जुलै २०२३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या अल्गोमाजवळ 'ट्रिनिडॅड' नावाची स्कूनर सुमारे २७० फूट खोलीवर सापडली. १८६७ मध्ये बांधलेली, गहू आणि कोळसा वाहणारी. मे १८८१ मध्ये एका पहाटे गळती वाढून बुडाली. माणसं होडीतून वाचली, जहाजावरचा कुत्रा मात्र सोबत गेला. शोधणाऱ्यांनी तिची छायाचित्रं घेतली, त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती केली, आणि जागा राज्याच्या अभ्यासकांना कळवली. वर काढायची गोष्ट कुणी काढली नाही. फळ्यांवर शिंपले बसलेले आहेत, आणि केबिनमध्ये खलाशांच्या ताटल्या अजून आहेत.